कोब्यावर 2 बाय 2 ची टाइल: माल किती, थांबायचं किती?

प्रश्न
10 बाय 12 फुटांच्या खोलीची जमीन धुमसून पक्की केली आहे. त्यावर 3 इंच कोबा आणि मग 2 बाय 2 फुटांची विट्रिफाइड टाइल, दोन्ही घरीच करायचं आहे. माल किती लागेल? टाइल किती दिवसांनी लावू? शेजारच्या खोलीतल्या टाइल कोपऱ्यांत बद्द वाजतात, तसं इथे व्हायला नको.

उत्तर 1
1:2:4 धरा (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी). साडेपाच गोण्या सिमेंट (50 किलोची गोणी), 13 घनफूट वाळू, 26-27 घनफूट 20 मिमी खडी. जमीन कुठेतरी खोल निघतेच, म्हणून सहा गोण्या आणा. खाली जाड प्लास्टिक अंथरा, जोडावर 6 इंच चढवून.

खरा घोळ पाण्यात होतो. गोणीला 25 लिटरच्या वर जाऊ नका. वाळू ओली असेल तर आणखी कमी. पातळ माल पसरायला सोपा, पण पाणी वर येतं आणि सिमेंटची साय धरते. वाळल्यावर नखानं खरवडा, पिठासारखी निघेल. टाइल त्या सायीला चिकटते आणि तिच्यासकट सुटते. वरचं पाणी टिपायला कोरडं सिमेंट तर अजिबात भुरभुरू नका.

उत्तर 2
लोखंडी थापीनं घोटू नका, लाकडी रंध्यानं खरबरीत ठेवा. दुसऱ्या दिवसापासून निदान 7 दिवस ओली पोती. टाइल 28 दिवसांनंतर. त्याआधी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीनं बंद करून 24 तास ठेवा. आतून दव धरलं किंवा कोबा काळपट दिसला, तर अजून थांबा.

प्रश्नकर्ता
टाइल भिजवून सिमेंटच्या स्लरीवर (पाण्यात पातळ कालवलेल्या सिमेंटवर) बसवली तर?

उत्तर 3
नको. भिजवणं साध्या सिरॅमिकसाठी. विट्रिफाइड 0.5 टक्क्यांहूनही कमी पाणी पिते, स्लरीला धरायला जागाच मिळत नाही. पॉलिमर असलेलं टाइल अ‍ॅडहेसिव्ह घ्या.

कोपरे बद्द वाजतात ते बहुतेक मध्ये मालाचे गोळे ठेवून टाइल दाबल्यामुळे. अ‍ॅडहेसिव्ह पसरून 10-12 मिमी दात्यांच्या थापीनं त्यात एकाच दिशेत सरळ रेघा ओढा, टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. टाइल रेघांना आडवी सरकवत दाबा, म्हणजे मधली हवा निघून जाते. पहिली टाइल लगेच उचलून पाहा: पाठ कोपऱ्यांपर्यंत भरलेली हवी. एका वेळी दोन-तीन टाइलपुरतंच पसरा. बोटाला लागेनासं झालं की खरवडून टाकायचं, वर पाणी शिंपडून चालत नाही.

उत्तर 1
सुरुवातीचा काटकोन 3-4-5 फुटांनी तपासा: कोपऱ्यापासून एका बाजूला 3, दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर खूण करा, दोन खुणांमधलं अंतर 5 फूट भरायला हवं. सांधा 2-3 मिमी, भिंतीलगत 6 मिमी फट. ती फट ग्राऊटनं (सांधे भरायच्या मालानं) भरू नका, स्कर्टिंगखाली झाकली जाते. ग्राऊट 24 तासांनी.