खडा पित्ताशयाबाहेरही राहू शकतो

पित्ताशयच काढलं म्हणजे खड्यांचा विषय संपला असं म्हणतात, बहुतेकांचा संपतोही, आमच्या आईचा नाही संपला. दुर्बिणीचं ऑपरेशन 2014 च्या थंडीत, इथेच इंदूरला, महिन्याभरात बाई सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खायला हजर. मग 2021 मध्ये अधूनमधून ताप, उजवीकडे पाठीत ठणका, मलेरिया टायफॉइड काही निघेना, टीबीचीही शंका घेऊन झाली, शेवटी सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या मागे पू आणि त्यात एक बारका खडा!

काढताना पित्ताशय फाटलं की खडे पोटात सांडतात, सर्जन वेचून घेतात पण एखादा राहतो. बहुतेक वेळा तो काही न करता पडून असतो, क्वचित कितीतरी वर्षांनी त्याच्याभोवती गळू होतं. नुसता पू काढून आणि अँटिबायोटिक देऊन सहसा भागत नाही, खडा आत असला की परत भरतं (आमचं एकदा भरलंच), म्हणून मग खडाच काढला. आणि ऑपरेशनच्या कागदात खडे सांडल्याची एक ओळ होती हो, पण फाइल माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाखाली.