स्वतःविषयी लिहिलेले दुसऱ्याला का वाचावेसे वाटते?

पंचवटीकर

नमस्कार. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. गेली दोन वर्षे मी दर रविवारी सकाळी स्वतःच्या आयुष्यातील एखाद्या प्रसंगावर दीड-दोन पाने लिहितो आणि नातेवाईक, जुने सहकारी व शेजारी मिळून साठेक जणांना पाठवतो. आजवर नव्वदच्या आसपास टिपणे झाली. उत्तरादाखल ‘छान’, ‘सुंदर’ आणि जोडलेल्या हातांची चित्रे येतात. ती पाठवणाऱ्यांच्या सौजन्याविषयी मला शंका नाही. मात्र त्यांतील किती जणांनी टिपण शेवटपर्यंत वाचले असेल, याविषयी आहे.

याला एकच अपवाद घडला. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी वेळ नव्हता, म्हणून नाशिकमधील सप्टेंबर २००८च्या पुरातील एका रात्रीविषयी जेमतेम अर्धे पान खरडून पाठवले. त्या रात्री मी दूरध्वनीवर होतो. गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला आहे, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी क्युसेकचा आकडा सांगत होतो. भांडी बाजारातील एका व्यापाऱ्याने मला मध्येच थांबवले आणि म्हटले, “साहेब, ते क्युसेक राहू द्या. पाणी मारुतीच्या छातीला लागेल का गळ्याला, तेवढे सांगा. त्यावर माल कितव्या फळीवर ठेवायचा ते ठरते.” एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे मला झोपेतही सांगता आले असते, परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या चौकीदाराला बसवून कोणत्या विसर्गाला पाणी गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागते याची चिठ्ठी तयार केली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती तेथे होती.

या अर्ध्या पानाला तेवीस उत्तरे आली आणि त्यांतील बहुतेक माझ्या टिपणापेक्षा लांब होती. पूर हा विषयच रोमांचक असतो, असे म्हणावे, तर १९६९च्या महापुरावर मी तीन पाने लिहिली होती. तो पूर मी लहानपणी स्वतः पाहिला आहे, आणि त्या लेखावर मी दोन दिवस खर्च केले होते. त्याला जोडलेले हात आले.

दोन्ही टिपणे सोबत जोडली आहेत. फरक कशाने पडला, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे. कोणी मन राखण्यासाठी लिहू नये, ही विनंती.

मुद्रितशोधक

आपली दोन्ही टिपणे वाचली. मी तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली, तेव्हा सवयीने हातात पेन्सिल घेऊनच वाचली, याबद्दल क्षमस्व.

१९६९च्या टिपणात ‘रौद्र रूप’ तीनदा आले आहे. ‘गोदामाईने रौद्र रूप धारण केले’ हे वाक्य तर दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून वाहत येते. त्यानंतर ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’, ‘डोळ्यांच्या कडा पाणावल्या’, ‘तो काळच वेगळा होता’ आणि ‘ते शब्दांत मांडणे अशक्य’ असे शब्दप्रयोग आहेत. हे शब्द चुकीचे आहेत असे नाही. ते निरोप समारंभाच्या भाषणांतून, स्मरणिकांतून आणि श्रद्धांजलीच्या लेखांतून आपल्याकडे आलेले आहेत, आणि तेथे त्यांचे काम वेगळे असते: सभागृहात बसलेल्या सगळ्यांना एकाच वेळी एकच भावना वाटावी यासाठी ते घडवलेले असतात, त्यामुळे त्यांत बोलणारी व्यक्ती कोण आहे हे कळू नये अशीच त्यांची रचना असते. वाचकाला मात्र नेमके तेच हवे असते. आपण त्या वेळी सात-आठ वर्षांचे असाल. आपण कोठे उभे होता? कोणाच्या खांद्यावर होता का? तीन पानांत मला ते सापडले नाही. पूर दिसला, मूल दिसले नाही.

पुराच्या रात्रीच्या टिपणात ठेवणीतील एकही शब्द नाही, कारण आपल्याला वेळच नव्हता. अलंकार घालायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही थोडी बोचेल. मोठ्या टिपणाचा शेवटचा परिच्छेद ‘असो’ने सुरू होतो आणि निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र आहे, हे सांगून संपतो. आपल्या पिढीचे, म्हणजे माझ्याही पिढीचे, शालेय निबंध असेच संपत असत, कारण तात्पर्याला गुण होते. वाचकाकडे आता गुणपत्रिका नाही. आपल्या नव्वद टिपणांपैकी कोणतेही घ्या, शेवटचा परिच्छेद तळहाताने झाका आणि वाचा. बहुतेक वेळा हात काढावासा वाटणार नाही.

निफाडचा बागायतदार

मी लेखक नाही, द्राक्षबाग करतो. तरीही या प्रश्नाशी माझा संबंध आहे, असे वाटल्याने लिहीत आहे.

माझे वडील बागेची वही ठेवत असत. त्यांच्या पश्चात कपाटात अशा सतरा वह्या निघाल्या. त्यांत एप्रिलच्या खरड छाटणीची आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची तारीख, कोणत्या तुकड्यात वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, पेस्ट कधी लावली, डोळे किती दिवसांनी फुटले, डावणी रोग कोठे दिसला, फवारणी कशाची केली, मजुरी किती दिली आणि व्यापाऱ्याने शेवटी भाव किती पाडला, एवढेच आहे. या वह्या मी हिशेबासाठी उघडल्या आणि चार रात्री कादंबरी वाचावी तशा वाचल्या.

मार्च २०१४ मध्ये आमच्याकडे गारपीट झाली. माल आठ दिवसांवर आला होता. त्या दिवसाची नोंद अशी आहे: “साडेचारला गारा. अकरा मिनिटे. वरचा व खालचा दोन्ही तुकडे गेले. गाय गोठ्यात होती, ठीक.” त्याखाली एक ओळ सोडून लिहिले आहे: “उद्या सुतळी आणणे.” त्या दिवशी मी घरी होतो. वडील संध्याकाळी कोणाशीही बोलले नाहीत आणि जेवले नाहीत, हे मला आठवते. वहीत त्याचा उल्लेख नाही. पण पडलेल्या वेली पुन्हा तारेला बांधायच्या तर सुतळी लागणार, हे ते त्याच रात्री लिहून ठेवत होते, आणि त्या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो.

मला असे वाटते की, वडिलांना कोणावरही छाप पाडायची नव्हती. पुढच्या वर्षी वही उघडणारा माणूस, म्हणजे ते स्वतः, फसता कामा नये, एवढीच त्यांची काळजी होती. पंचवटीकर साहेबांनी काचेखाली ठेवलेली चिठ्ठी याच जातीची आहे.

गंगापूर रोडची शिक्षिका

वरील दोन्ही प्रतिसाद मला आवडले, तरी ‘साधे लिहा आणि तपशील अचूक द्या’ एवढ्यावर ही चर्चा थांबू नये, असे वाटते. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ दर आठवड्याला स्वतःविषयी लिहितात. कोणत्या ठिकाणी मिसळ खाल्ली, तर्री किती तिखट होती, पाव किती दिले, दुचाकी कोठे लावली आणि सिग्नलला किती वेळ गेला, हे सर्व त्यांत असते. एकही तपशील खोटा नसतो, एकही शब्द ठेवणीतला नसतो, आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे मी आजवर जाऊ शकलेले नाही. तपशिलांच्या बाबतीत ते निर्दोष असूनही त्या लेखनात कोणालाच कशाचीच अडचण नसते, आणि लिहिणारा सकाळी जसा घराबाहेर पडतो तसाच दुपारी घरी परततो.

दुतोंड्या मारुतीच्या टिपणात अभियंत्याला आपले मोजमाप सोडून बाजाराचे मोजमाप स्वीकारावे लागते. शिकलेल्या माणसाला त्या क्षणी थोडे ओशाळल्यासारखे झाले असणार. त्याने ते लपवले नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. बागायतदारांच्या वडिलांच्या वहीतही न जेवलेला माणूस आणि सुतळीची ओळ यांमध्ये एक ताण आहे, तो मुलाला ठाऊक होता म्हणून आपल्यापर्यंत आला. त्यांची परवानगी गृहीत धरून म्हणते: नुसती वही मी वाचली असती, तर ती ओळ मला बहुधा दिसलीही नसती. वही आणि तिच्याशेजारी बसलेला मुलगा हे दोघे मिळून ते लेखन झाले.

नाशिकमध्ये बसून हा विषय निघाला, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म येथून जवळच जलालपूरचा, आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले तेही नाशिकलाच. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही मी तो नववीच्या वर्गात वाचून दाखवते तेव्हा मुले हसतात. पतीचे धर्मांतर, त्यानंतरचा दुरावा, दारिद्र्य असे विषय असताना ती बाई स्वतःची फजिती आधी सांगते. वाचकाने आपली कीव करावी, यासाठी ती कोठेही थांबत नाही. थांबली असती, तर नव्वद वर्षांनंतरची मुले हसली नसती, हे मी वर्गात उभी राहून पाहिलेले आहे.

तेव्हा माझी कसोटी अशी: लिहिताना आपण स्वतःला जेथे किंचित चुकीचे, हट्टी किंवा गोंधळलेले आढळता, तेथे वाचक जागा होतो. अर्थात हेही ओढूनताणून करता येते. ‘मी किती साधा, मी किती वेंधळा’ असे दर ओळीत म्हणणारे लेखन हा आत्मस्तुतीचाच उलटा सदरा आहे.

कालिका मंदिरामागे

रविवारचा नेम सोडा. सांगण्यासारखे नसेल त्या रविवारी पाठवू नका, किंवा चार ओळी पाठवा. माझा एक मित्र वर्षातून पाच-सहा वेळाच लिहितो, आणि त्याचे नाव दिसले की मी हातातील काम बाजूला ठेवतो.

एक सून

येथे कोणी न काढलेला एक मुद्दा मांडते. माझे सासरे असेच लिहितात, आणि चांगले लिहितात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या पहिल्या बाळंतपणातील त्रासाविषयी अतिशय हळवे टिपण लिहिले आणि ते सर्व नातेवाइकांना पाठवले. मला ते दीराकडून कळले. टिपणात माझ्याविषयी एकही वाईट शब्द नव्हता. तरीही त्यानंतर त्यांचे कोणतेही लेखन मला निवांतपणे वाचता येत नाही. आता यात कोणाचे काय उघड होईल, या धास्तीनेच मी डोळे फिरवते. वाचनाचा आनंद असाही जातो.

मी त्यांना हे सांगितले. त्यांना वाईट वाटले, पण ते रागावले नाहीत. आता ते घरातील माणसाविषयी लिहिले की आधी त्या माणसाला दाखवतात. गंमत अशी की, त्यामुळे लेखन मिळमिळीत होईल ही त्यांची भीती खरी ठरली नाही. सासूबाईंनी एका टिपणात तीन दुरुस्त्या सुचवल्या आणि तिन्ही दुरुस्त्यांनी सासरेबुवांची बाजू पडली. घरात आजवर सर्वांत जास्त वाचले गेलेले टिपण तेच आहे.

पंचवटीकर

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, याबद्दल आभारी आहे. ‘असो’चा मुद्दा बोचला, आणि तळहाताचा प्रयोग मी अकरा टिपणांवर केला. निकाल सांगत नाही.

१९६९चे टिपण पुन्हा लिहिले. तीन पानांचे एक पान झाले. त्यातील मुख्य भाग येथे देतो:

“आमचा वाडा रामकुंडामागील गल्लीत होता. पाणी चौकात शिरले तेव्हा आईने आधी पिठाचा डबा माडीवर नेला आणि वडिलांनी आधी देव नेले, आणि त्यावरून दोघांचे जिन्यातच वाजले. मला जिन्याच्या वरच्या टोकाला बसवून पायऱ्या मोजण्याचे काम दिले होते. पाणी कितव्या पायरीला लागले, हे मी ओरडून सांगायचे. शेजारच्या वाड्याची गच्ची उंच होती आणि तेथे माझे मित्र आधीच जमले होते. पाचव्या पायरीला पाणी लागले की आपणही तेथे जायचे, असे वडील म्हणाले होते. पाणी चौथ्या पायरीवर होते. मी ‘पाच’ म्हणून ओरडलो. वडिलांनी देव्हारा तसाच सोडला, आईने धाकट्याला उचलले, आणि आम्ही अंधारात फळीवरून पलीकडे गेलो. गंगेच्या पाण्याचे मी आयुष्यात दिलेले पहिले मोजमाप ते, आणि ते खोटे होते. पुढे चौतीस वर्षे मी त्याच नदीचे आकडे लिहिले.”

हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. सूनबाईंचा सल्ला मानून पाठवण्यापूर्वी ते थोरल्या बहिणीला वाचून दाखवले, कारण त्या रात्री ती माझ्या शेजारीच बसलेली होती. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली की, तू खोटे बोललास हे मला तेव्हाच कळले होते, कारण पाणी तिसऱ्या पायरीच्या वर आलेच नव्हते. मला चौथी पायरी स्पष्ट आठवते, आणि ती मात्र आपल्या तिसऱ्या पायरीवरून हलायला तयार नाही. वाडा आता नाही, त्यामुळे जाऊन पाहण्याचीही सोय उरलेली नाही. टिपणात कोणाची पायरी ठेवावी?

मुद्रितशोधक

दोघांचीही ठेवा, आणि ती हसली हेही. ‘रौद्र’ शब्द एकदाही आलेला नाही, हे पाहिले. ‘गंगेच्या पाण्याचे’ राहू द्या, नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरीच. कोणी ‘गोदावरीच्या’ असे सुधारायला सांगितले, तर ऐकू नका.