अनुभव धागा: फोटो दाखवताना सोबत काय सांगता?

नर्मदाकाठ
काल माळा आवरताना बुटांच्या खोक्यात जुने प्रिंट सापडले. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात ओळ: "सकाळी ७:३०, ढगाळ, १०० ची फिल्म, एफ ८, १/६०, भिंतीला टेकून. मागे जायला जागा नव्हती." (एफ ८ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, १/६० म्हणजे शटर किती सेकंद उघडं होतं ते.) आपल्या इंदूरच्या फोटोवाल्या मंडळींत तेव्हा तसा रिवाजच होता. प्रिंट दाखवायचा तर पाठ कोरी ठेवायची नाही.

शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. ते माहीत नसेल तर बघणारा पहिलं तेच म्हणणार, दोन पावलं मागे का नाही गेलास? सल्ला बरोबर आणि तरी कुचकामी. चौकटीबाहेर काय होतं ते बघणाऱ्याला दिसत नाही, मग तो अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर मत देतो.

आता फोटो येतो आणि खाली "कसा वाटला?" एवढंच. वीस अंगठे, एक "क्रॉप टाइट कर", संपलं.

माझ्या मते निदान एवढं हवं. काय दाखवायचं होतं ते एका वाक्यात. कुठे उभे होतात, तिथून हलता येत होतं का. तारीख, वेळ, उजेड कुठून. फोटो अख्खा आहे की कापलेला, कापला असेल तर किती. नंतर काय केलंत: उजळवला, रंग बदलले, काही पुसलं? हा फोटो जाणार कुठे, फोनवर, भिंतीवर की स्पर्धेला? आणि एक नेमका प्रश्न. "कसा वाटला" हा प्रश्न नव्हे, "डावीकडचा खांब ठेवू की कापू" हा प्रश्न.

आपापल्या विषयातलं लिहा. कुठली माहिती दिली की सल्ला कामाचा मिळतो?

सराफा_रात्र
दिव्यांचं लिहा!! रात्रीच्या खाऊगल्लीतल्या फोटोंवर निम्मी टीका रंगांवर असते आणि दिवा कसला होता हे कोणीच लिहीत नाही. एका गाड्यावर पिवळा बल्ब, शेजारी पांढरा एलईडी, वर दुकानाच्या पाटीचा निळा. त्यात व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) ऑटोवर, म्हणजे जिलबी हिरवट आणि माणूस जांभळा. "रंग दुरुस्त कर" म्हणणाऱ्याला कळायला हवं की दोन वेगळे उजेड आहेत. एक सुधारला की दुसरा बिघडतो. तिथे उपाय स्लायडरमध्ये नाही, अर्धं पाऊल सरकून चेहरा एकाच दिव्याखाली आणण्यात आहे.

दुसरं म्हणजे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. स्वस्त एलईडीत ते फार जाणवतं. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं तर सहसा पट्टे येत नाहीत, १/५०० ला इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलता सेन्सर ओळीओळीने वाचणारं) असेल तर हमखास आडवे पट्टे. दहीवडा हवेत उडवलेला गोठवायचा तर १/५०० च लागतं, म्हणून तिथे मेकॅनिकल म्हणजे पडद्याचं शटर, अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक सांभाळणारी सोय) चालू आणि एका दमात ८-१० फोटो. तरी दोन फोटोंत उजेड वेगळा येईल. म्हणून शटर स्पीड आणि शटरचा प्रकार दोन्ही लिहा, नाहीतर लोक म्हणतील सेन्सर खराब आहे.

मधुरा_इं
@सराफा_रात्र गराडू (तळलेला कंद) सुरू झाले का? 😋

सराफा_रात्र
थंडी पडू दे ताई, मग तव्यासमोर उभं राहूनच सांगतो. वाफेचा फोटो काढायचा असेल तर उजेड मागून हवा आणि मागे काळोख. समोरून फ्लॅश मारला तर वाफ दिसतच नाही.

पाणकोंबडी
पक्ष्यांच्या फोटोला सगळ्यात आधी कापलेल्याचा हिशेब. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६०००×४०००. तुम्ही ३०००×२००० एवढा तुकडा ठेवलात तर ६ मेगापिक्सेल उरले, पाव हिस्सा. मग "शार्प नाही" म्हणणाऱ्याला मूळ फोटोही दाखवा. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो.

इंदूरच्या सिरपूर तलावावर हिवाळ्यात सकाळी ९ नंतर पाणी आणि काठचा चिखल तापायला लागतो. ५०-६० मीटरवरचं तलवार बदक काही केल्या नीट येत नाही. हवाच हलते. ओळखायचं कसं? १०० टक्के मोठं करून बघा. पिसांच्या कडा नागमोडी, आणि एका दमात काढलेल्या दहा फोटोंत प्रत्येकात वेगळा भाग मऊ, म्हणजे तापलेली हवा. सगळा फोटो एकाच दिशेला ओढल्यासारखा, म्हणजे हात हलला. बदक मऊ आणि त्याच्या पुढचं गवत कोरीव, म्हणजे फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून वेळ आणि अंदाजे अंतर लिहा. "सकाळी १०:१५, साधारण ६० मी., ४०० मिमी लेन्स" एवढ्यावरून जाणकार सांगतो की लेन्स विकू नका, ७ ला जा.

आणि हो, आवाज वाजवून किंवा दाणे टाकून बोलावला असेल तर तेही लिहायचं. घरट्याचा फोटो असेल तर मात्र जागा अजिबात सांगू नका, कितीही जवळचा माणूस विचारू दे.

छत्रीबाग
+१ घरट्याचं.

आजीची_नात
हळदीकुंकू बदक आलेत का सिरपूरला? रविवारी मुलांना न्यायचंय.

पाणकोंबडी
ती बाराही महिने असतात. वारकरी (काळे पाणपक्षी) पण दिसतील. मुलांना दुर्बीण द्या आणि मागे सूर्य ठेवून उभे राहा.

जुना_कॅमेरा
थोडं वेगळं मत. माहिती द्यावीच, पण आधी नको. "आजीचा शेवटचा फोटो" हे शब्द वाचल्यावर कोण सांगेल की मागचा फ्रिज नडतोय? फोटो आधी, मग चारपाच ओळी मोकळ्या, मग माहिती. बघणाऱ्याने अर्धा मिनिट नुसतं बघावं, नजर पहिल्यांदा कुठे गेली ते लिहून ठेवावं आणि मग खालचं वाचावं. ही पहिली नजर एकदाच मिळते. तुम्हाला डोळे दाखवायचे होते आणि चौघांची नजर मागच्या ट्यूबलाइटवर गेली, तर यापेक्षा मोलाची टीका नाही.

नर्मदाकाठ
काका, पटलं. प्रिंटच्या पाठीवर लिहायचे ते त्याचसाठी असणार. आधी चेहरा, मग पाठ.

मधुरा_इं
फोनवाल्यांसाठी. फोटोच्या फाइलमध्ये शटर, आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता), वेळ सगळं आपोआप नोंदलेलं असतं, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की आकार घटतो आणि ती नोंद गळून पडते. स्क्रीनशॉटमध्ये तर मुळात नसतेच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जशीच्या तशी जाते. पण सावधान! लोकेशन चालू ठेवून काढला असेल तर अक्षांश-रेखांशही सोबत जातात. घरातला किंवा मुलांचा फोटो असेल तर आधी लोकेशन काढून टाका.

आणि त्या नोंदीत जे नसतं किंवा सहज दिसत नाही ते हाताने लिहावं लागतं: ट्रायपॉड होता का, काचेतून काढला का, मुख्य लेन्स होती की नुसतं चिमटीने झूम केलं, नाइट मोड लागला होता का, पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर केलं का. शेवटचं विशेष. कानाजवळचे केस अर्धवट पुसट दिसले की लोक फोकसला दोष देतात आणि खरं ते सॉफ्टवेअरचं काम असतं.

जुना_कॅमेरा
यात एक भर. माणसाचा चेहरा असेल तर अंतर लिहा. लेन्सचा नुसता "५० मिमी" हा आकडा पुरत नाही. छोट्या सेन्सरवर तेच ५० कुठे ७५ सारखं तर कुठे ८० सारखं बघतं. आणि नाक मोठं येतं ते लेन्समुळे नाही, जवळ गेल्यामुळे येतं. फोनच्या मुख्य लेन्सने ४० सेंमीवरून काढलेला चेहरा फुगणारच. दीड-दोन मीटर मागे व्हा आणि नंतर कापा.

छत्रीबाग
इमारतींचं लिहितो, पटकन, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात.

इंदूरचा राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. समोरून फोन वर करून काढला की उभ्या कडा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. नंतर ॲपमध्ये सरळ केल्या की वरच्या बाजूचे दोन्ही कोपरे कापले जातात आणि लोक म्हणतात "फार घट्ट बसवलाय". सरळ केलाय हे लिहा, मग ते म्हणतील काढतानाच चहूबाजूंनी जास्त जागा सोड. ०.५ ची रुंद लेन्स वापरली असेल तर तेही लिहा, त्यात कडेची माणसं ताणली जातात.

दुपारच्या उन्हात दगड आणि लाकूड एका एक्सपोजरमध्ये (उजेडाच्या एकाच मापात) धड येत नाहीत. लाकडावर मोजलं की दगड पांढराफटक, दगडावर मोजलं की वरचे सज्जे काळे. कशावर मोजलंत ते सांगितलं की उत्तर एका ओळीत मिळतं. दगडावर मोजून रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि सावल्या नंतर उजळा. उडालेलं पांढरं परत येत नाही.

आजीची_नात
रंगपंचमीच्या गेरीचे (रंगांच्या मिरवणुकीचे) फोटो टाकले की "धूसर आहे" एवढंच ऐकायला मिळतं. गुलाल आहे की लेन्स मळली आहे ते कसं कळणार लोकांना?

सराफा_रात्र
भिया लोकांनो, हा खरा प्रश्न! गुलालाचा ढग जागा बदलतो, लेन्सवरचा डाग सगळ्या फोटोंत त्याच जागी राहतो. म्हणून एक नाही, लागोपाठचे तीन दाखवा. आणि ऊन कुठून ते लिहा. ऊन मागून असेल तर ढग पेटल्यासारखा दिसतो, समोरून असेल तर नुसती चपटी धूळ.

कॅमेऱ्याला जाड पिशवी, लेन्सपुरतं भोक, हूडवर दोन रबर बँड, पुढे साधा यूव्ही फिल्टर. तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी ओलसर कापड. कोरड्या कापडाने पुसलंत तर तो रंग काच घासतो. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण चिकटतात.

आजीची_नात
🙏🙏 या वर्षी तीन-तीन टाकते.

जुना_कॅमेरा
विषय थोडा सोडून. नर्मदाकाठ, त्या खोक्यातले प्रिंट स्कॅन करून ठेवा, पाठीसकट. ४×६ चा प्रिंट ६०० डीपीआयला, म्हणजे २४००×३६०० पिक्सेल, भरपूर झालं. राजवाड्याच्या आतले १९८४ च्या आधीचे काही निघाले तर फार जपा, त्या साली लागलेल्या आगीत आतला बराच भाग गेला. पाठीवर साल असेल तर फोटोची किंमत वेगळीच. या गावाला जुनी सवय आहे ही. नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ इथेच बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर होते, १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला तो इंदुरातच.

नवीन नावं लिहायची असतील तर मऊ पेन्सिल, २बी, फोटो उलटा करून काचेवर ठेवून, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे वेगळ्या पाकिटावर लिहा आणि फोटो त्यात ठेवा.

नर्मदाकाठ
आतल्या चौकाचे दोन आहेत काका! साल लिहिलंय, १९७९. आज रात्रीच स्कॅन करतो.

छत्रीबाग
शिट्ट्या झाल्या, वरण उतरवलं. एक राहिलं: प्रिंट काढायचा असेल तर स्क्रीनचा उजेड किती होता ते सांगा. पूर्ण उजेडावर बसून फोटो सुधारला की प्रिंट हमखास काळपट येतो आणि दोष लॅबवर जातो. उजेड निम्म्यावर आणा, स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा, दोन्ही सारखे दिसले की मग हात लावा. फाइल एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या प्रकारातच द्या.

मधुरा_इं
मग माझाच घ्या, जुना_कॅमेरा काकांच्या पद्धतीने.

[फोटो]




कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांच्या समाध्या), १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०. फोन, मुख्य लेन्स, नाइट मोड, हातात धरून. पुलाच्या कठड्यापाशी, त्यापुढे जाता येत नाही. अजिबात कापलेला नाही, फक्त थोडा उजळवला. छत्र्यांवरचे दिवे पांढरेफटक झालेत, खालून जाणारी माणसं पुसट. बाबांच्या खोलीत १० इंची लावायचाय. प्रश्न एकच: दिवे वाचवायला आकाश काळं जाऊ देऊ का?

जुना_कॅमेरा
नजर आधी मधल्या दिव्यावर गेली, मग पाण्यातल्या उजेडावर. छत्री तिसरी.

काळं जाऊ देऊ नका, लवकर जा. मध्य नोव्हेंबरला इथे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. ६:४० ला आकाशात काही उरतच नाही. ६ ते ६:१० मध्ये निळा शिल्लक असतो आणि दिव्यांच्या तोलाचा असतो.

सराफा_रात्र
माणसं पुसट आलीत ती नाइट मोडमुळे. फोन अनेक फोटो एकावर एक रचतो, दगड जागेवर राहतो, चालणारा राहत नाही. ६:०५ ला तो बंद करा, फोन कठड्यावर टेकवा, सगळ्यात तेजस्वी दिव्यावर बोट दाबून धरा म्हणजे एक्सपोजर बांधलं जाईल, मग सूर्याची खूण खाली ओढा, साधारण एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा. ३ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही.

मधुरा_इं
उद्या ५:५० ला पोचते. उजळवू नको ना मग?

छत्रीबाग
काढताना नको. घरी आल्यावर फक्त सावल्या उजळा, स्लायडर +२० च्या आत. आणि मूळ फाइल ठेवा, पुसू नका.