सिंगापूर क्रूझ: मुलगी तीन वर्षांची, डायपर अजून सुटलेला नाही. किड्स क्लबचं काय करावं?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायचं ठरतंय, पेनांग आणि फुकेत. आम्ही दोघं, सासू-सासरे, आठ वर्षांचा मुलगा आणि मुलगी. बोर्डिंगच्या वेळी तिला नुकतीच तीन पूर्ण झालेली असतील. घरात ती शू सांगते, पण खेळात रमली की विसरते, म्हणून बाहेर पडताना मी डायपर लावतेच.

एजंट म्हणतो, "किड्स क्लब फ्री आहे मॅडम, मुलांना सोडा आणि एंजॉय करा." मी रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचे नियम वाचले तर वेगळंच दिसलं. नर्सरी ६ ते ३६ महिन्यांच्या बाळांसाठी, तीही तासाला पैसे घेऊन. क्लब तीन वर्षांपासून पुढे, पण डायपर किंवा पुल-अप (चड्डीसारखा डायपर) चालत नाही. म्हणजे आमची बाई नर्सरीला मोठी आणि क्लबला लहान.

सासूबाई म्हणतात, "मी बसेन तिच्याजवळ." पण त्या पहिल्यांदाच परदेशी निघाल्यात. त्यांना केबिनमध्ये बसवून आम्ही शो बघायचा, हे मला मुळीच पटत नाही. आणखी एक काळजी म्हणजे मुलीला मराठीशिवाय काही येत नाही. आणि ती क्लबात असताना जहाजावर काही आणीबाणी झाली तर तिच्यापर्यंत कोण पोचणार? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

ह्यूस्टनवासी

आम्ही इथे टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून कार्निव्हल कंपनीच्या जहाजाने मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर गेलो होतो. त्यांचा क्लब दोन वर्षांपासून मुलं घेतो आणि तिथले लोक डायपरही बदलतात. मुलाच्या नावाची पिशवी, त्यात डायपर आणि वाइप्स भरून द्यायची, बस. तुमच्या मार्गावर याचा उपयोग नाही, पण पुढेमागे अमेरिकेत नातेवाइकांकडे आलात तर लक्षात असू द्या. मात्र पूलमध्ये डायपरवालं मूल तिथेही उतरवू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरी नाही. आमचा धाकटा काठावर उभा राहून रडायचा. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी पाण्याची जागा असते. तुमच्या जहाजावर आहे का, ते बुकिंगच्या आधीच विचारा.

सागरिका (वेंगुर्ला)

गोदाकाठताई, मी बरीच वर्षं जहाजांवर मुलांच्या विभागात काम केलं. आता इथे बालवाडी चालवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लब फुकट असतो हे खरं, पण तो दिवसभराचं पाळणाघर नव्हे. बहुतेक ठिकाणी सकाळी ९ ते १२, दुपारी २ ते ५ आणि संध्याकाळी ७ ते १० अशा वेळा असतात. जहाजाप्रमाणे थोडाफार फरक पडतो. जेवायच्या वेळी मूल तुमच्याकडेच. रात्री दहानंतर तासाचे पैसे लागतात.

डायपरचा नियम मात्र कुणी वाकवणार नाही. वाकवूही नये, असं मला मनापासून वाटतं. क्लबच्या खोलीत डायपर बदलायची सोय नसते आणि तिथे काम करणाऱ्या मुलींना ते करायची परवानगी नसते. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते. ती पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा भरवसा नाही, साबणाने हात धुवावेच लागतात. एकाच खोलीत सगळी मुलं तीच खेळणी हाताळत असतात.

तुमच्या हातात अजून वेळ आहे. डायपर आपसूक सुटला तर छानच. पण प्रवासासाठी म्हणून घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती. घाईने डायपर सोडवलेली मुलं नव्या जागी शू दाबून धरतात. पोटात दुखतं म्हणून रडतात, आणि अनोळखी बाईला कारण सांगता येत नाही. अशी मुलं मी मांडीवर घेऊन बसलेय. त्यापेक्षा चार दिवस क्लबशिवाय काढायची तयारी ठेवा.

सुटलाच, तर बोर्डिंगच्या दिवशीच दुपारी तिला घेऊन क्लब बघायला जा. त्या दिवशी खोली सगळ्यांसाठी उघडी असते, आईवडील आत बसू शकतात. फॉर्म भरताना ॲलर्जी, औषधं आणि न्यायला कोण कोण येणार ते नीट लिहा. आजी-आजोबांची नावं राहून गेली तर त्यांच्या हाती मूल देत नाहीत, कितीही ओळख पटवली तरी. जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या सकाळी सर्वांत जास्त गर्दी होते. पहिल्यांदा सोडायला ती वेळ निवडू नका.

"दादा असेल तुझ्याबरोबर" असं तिला सांगू नका. ३ ते ५ वर्षांचा गट वेगळा असतो, आठ वर्षांचा मुलगा दुसऱ्या गटात जातो. दादाला शोधत दाराशी उभी राहणारी धाकटी भावंडं मी किती पाहिलीत! आणि तिची पाठ वळली की गुपचूप निघून जाऊ नका. अर्ध्या तासात येते म्हणालात तर अर्ध्या तासात परत या, ती मजेत खेळत असली तरी. दुसऱ्या दिवशी ती त्याच भरवशावर आत जाते.

मराठीची फार चिंता नको. शू, शी, पाणी, भूक, आई हे ती जसं म्हणते तसं रोमन लिपीत लिहा, पुढे इंग्रजी अर्थ लिहा आणि कागद तिथे काम करणाऱ्या मुलीच्या हातात द्या. तिची रोजची एखादी चिंधी किंवा बाहुली असेल तर तीही.

आणीबाणीचं सांगते. लहान मुलांच्या मनगटावर पट्टी बांधतात, त्यावर तुमच्या मस्टर स्टेशनचा, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागेचा, क्रमांक असतो. बहुतेक जहाजांवर क्लबमधलेच लोक मुलांना त्या जागी आणून पोचवतात. आईवडिलांनी जिन्यातल्या गर्दीतून उलटं क्लबकडे धावायचं नसतं. तुमच्या जहाजावर काय पद्धत आहे, ते फॉर्म भरतानाच विचारून घ्या आणि घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दादरचा बाबा

खिमटासाठी इलेक्ट्रिक केटल किंवा छोटा राइस कुकर नेणार असाल तर नेऊ नका, आगीच्या भीतीने सामान तपासतानाच काढून ठेवतात. पहिल्या रात्री हेड वेटरला वरण-भात, दही-भात हवा म्हणून सांगून ठेवा, पुढचे दिवस बरे जातात. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, हेलकावे कमी जाणवतात. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही बघा. जहाज निघालं की तुम्ही सिंगापूरबाहेर गेलात असंच धरतात.

मुंबईहून लक्षद्वीपचा विचार असेल तर एक गोष्ट. तिथे मोठं जहाज बाहेरच उभं राहतं, लहान होडीत उतरावं लागतं. तीन वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे, दोन्ही असताना मी ते टाळेन.

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंचे गुडघे खरंच दुखतात, तुम्ही न सांगता ओळखलंत! सागरिकाताई, डायपरची घाई करणार नाही. आता प्रश्न संध्याकाळचाच उरला. मुलगा क्लबात रमेल, पण शो सगळ्यांना बघता यावा.

सागरिका (वेंगुर्ला)

मोठ्या जहाजांवर बहुधा एकाच संध्याकाळी त्याच शोचे दोन खेळ होतात. पहिल्याला सासू-सासऱ्यांना पाठवा, तेव्हा तुम्ही मुलीला जेवू घाला आणि डेकवर फिरवून आणा. दुसऱ्या खेळापर्यंत ती झोपलेली असेल, तेव्हा तुम्ही दोघं जा. आजी केबिनमध्ये आडव्या होतील, आणि त्यांचा शो आधीच बघून झालेला असेल. शोची जागा आधी राखून ठेवावी लागते, तेव्हा दोन्ही खेळांच्या जागा एकदमच घ्या. केबिनमध्ये पाळणा हवा असेल तर तोही बुकिंगच्या वेळीच सांगा, ऐनवेळी शिल्लक नसतो.