मदत हवी आहे: यकृताचा आजार, प्रत्यारोपण आणि रक्ताचा घट्टपणा

सप्रेम नमस्कार. शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासात मी एका प्रश्नावर अडलो आहे, म्हणून जाणकारांची मदत मागत आहे.

सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण-ऊती साठून ते कठीण होण्याच्या आजारात, यकृतातील दाब वाढतो आणि प्रवेशिनी शिरेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणारी पोर्टल व्हेन) रक्ताला, म्हणजे यकृताला मिळणाऱ्या रक्ताच्या साधारण 75 टक्के भागाला, वाट मिळेनाशी होते, हे मला समजले आहे. माझा प्रश्न खुद्द रक्ताच्या घट्टपणाविषयी (व्हिस्कॉसिटी) आहे. रक्तक्षयामुळे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) घटते आणि आजार बळावल्यावर यकृतात तयार होणारे फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिनही कमी पडते. या दोन्हींमुळे रक्त पातळ व्हावे. उलट, अनेक रुग्णांत इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंड प्रथिने) वाढलेले असतात, आणि पेशीपटलात कोलेस्टेरॉल साठल्याने काही रुग्णांच्या तांबड्या पेशी काटेरी व ताठर होऊन केशवाहिन्यांतून सहज वाकून जाऊ शकत नाहीत. अशा वेळी मोठ्या रक्तवाहिनीत पातळ ठरणारे रक्त सूक्ष्म वाहिन्यांत मात्र अडखळते, असे म्हणणे योग्य होईल का? मला तरी केवळ एकूण घट्टपणाचा आकडा पाहणे अपुरे वाटते.

दुसरा प्रश्न प्रत्यारोपणानंतरचा आहे. यकृत-धमनीत गुठळी होणे ही गंभीर गुंतागुंत असल्याने हिमॅटोक्रिट फार वाढू देत नाहीत, हे वाचले आहे. परंतु नवे यकृत काम करू लागल्यावर पेशींचा लवचीकपणा आणि प्लाझ्माचा (रक्तातील द्रव भागाचा) घट्टपणा एकाच वेगाने सुधारतो, की ताठर पेशी झिजून नव्या पेशी येईपर्यंत थांबावे लागते? प्रत्यक्ष मोजमाप केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.