एका हाताने रेसिंग: पायाने हळूहळू ब्रेक लावायचा तर काय जोडावं?

भावाचा डावा हात अजिबात चालत नाही, उजवा ठणठणीत. तो पीसीवर रेसिंग गेम खेळतो. एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर घेतलाय (अपंग खेळाडूंसाठीचा, बाहेरचे स्विच जोडता येणारा; २०१८चा, मागे ३.५ मिमीच्या जॅकची रांग असलेला) आणि डाव्या ट्रिगरच्या (म्हणजे गेममधल्या ब्रेकच्या) जॅकला पायाचा साधा स्विच लावलाय. इथेच घोडं अडलं. स्विचला चालू-बंद एवढंच कळतं. जरा दाबला की ब्रेक पूर्ण लागतो आणि वळणावर गाडी गर्रकन फिरते.

गेममधलं एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी सोय) चालू करून पाहिलं, थोडाच फरक पडला. एक्सबॉक्सवर को-पायलट (दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू) लावून दुसऱ्या कंट्रोलरने मी ब्रेक सांभाळला, तर साहेब म्हणतात, "मग तूच खेळ ना!" रेसिंग व्हीलसोबतची पेडलं फार कडक; त्याच्या पायात जोर कमी आहे, पण घोटा नीट हलतो. पाय फक्त ब्रेकसाठी, बाकी सगळं उजव्या हाताने जमतं.

सोल्डरिंग मला येतं. हलक्या स्प्रिंगच्या पेडलला पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध कमी-जास्त होणारा भाग) बसवून तो थेट ट्रिगरच्या जॅकला जोडला तर अर्धा ब्रेक मिळेल का? कुणी केलं असेल तर किती ओहमचा घेतला आणि जॅकच्या तीन तारा कशा जोडल्या?