मदत हवी आहे: 35व्या वर्षी परत कॉलेज, नोकरी सोडून की सांभाळून? (बेळगाव)

शहापूरची:

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी शहापूर, बेळगावची. वय 35. दहावी मराठी माध्यमातून, पीयूसी (आमच्याकडची बारावी) कॉमर्स 2008 ला. पुढे बी.कॉम.ला गेले, पहिलं वर्ष निघालं आणि दुसऱ्या वर्षात लग्न ठरलं. सासरी म्हणाले, राहिलेलं पुढं बघू. ते पुढं काही आलं नाही. कुणावर राग नाही, तेव्हा मलाही अकाउंटन्सीपेक्षा शालूच्या रंगाची काळजी जास्त होती.

आता मुलगा सातवीत आहे. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, ऑफिसात आहे. टॅली, जीएसटी, ई-वे बिल, पगारपत्रक सगळं बघते. यंदा माझ्यावर एक बी.कॉम. झालेला मुलगा आणून बसवला. पोरगा गुणी आहे, पण त्याला काम शिकवलं मीच. मालकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्हाला सगळं येतंय की, पण बँकेचे लोक आले की डिग्री विचारतात."

तेव्हापासून डोक्यात कॉलेज घोळतंय. अडचण अशी, की डिग्री घ्यायची ठरवली तरी कशाची ते ठरत नाही. बी.कॉम.च पुरं करू? बी.ए. करून बी.एड.? नणंद म्हणते बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) कर, तुला माणसांत रमायला आवडतं. मला सारखं वाटतं, नोकरी सोडून रीतसर कॉलेजात जाऊन बसले तर वेगवेगळे विषय कानावर पडतील, चार माणसं भेटतील, आणि आपल्याला काय करायचंय ते तिथं उमगेल. आमचे हे म्हणतात, तीन वर्षं पगार बंद, वर फी, आणि शेवटी नाहीच उमगलं तर?

कन्नड बोलते अस्खलित, वाचायला वेळ लागतो. इंग्रजी कामापुरतं. ते जुनं पास झालेलं वर्ष कुठं धरतील का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा. मार्कशीट धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं आहे.

टिळकवाडीकर:

नोकरी सोडू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

निवृत्त हेडक्लार्क:

ताई, जन्म कॉलेजच्या ऑफिसात गेला, म्हणून कागदांचं तेवढं सांगतो.

जुन्या वर्षाची आशा धरू नका. तुम्ही शिकत होता तेव्हा आपली कॉलेजं धारवाडला जोडलेली होती. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झालं, मग ती त्याला जोडली गेली. नंतर अभ्यासक्रम किती वेळा फिरला बघा: 2021 ला नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आली, 2024 ला सरकारनं परत तीन वर्षांवर आणली. शिवाय पदवी पुरी करायला विद्यापीठं ठरावीक मुदत देतात, तुमची कधीच उलटून गेली असणार. एक अर्ज करून बघायला हरकत नाही, पण पहिल्यापासून सुरुवात असंच धरून चाला. ते मार्कशीट जपून ठेवा, आणि पीयूसीची मूळ कागदपत्रं आधी शोधा. चाळिशीच्या आसपास परत येणाऱ्यांचं घोडं अभ्यासावर कमी आणि हरवलेल्या मार्कशीटवर जास्त अडतं.

घरून करायचं तर तीन वाटा. पहिली इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ: प्रवेश जानेवारी आणि जुलैत, परीक्षा जून आणि डिसेंबरात. बी.कॉम. तीन वर्षांत व्हावं, पण सहा वर्षांपर्यंत मुभा असते. वयाची वरची अट नाही. स्वाध्यायांना 30 टक्के, परीक्षेला 70. सहा वर्षांची मुभा असल्यानं घरी आजारपण निघालं, मुलाची दहावी आली, तर एखादी परीक्षा पुढं ढकलता येते. पुस्तकं इंग्रजी-हिंदीत.

दुसरी म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ. मधली काही वर्षं त्यांची मान्यता गेली होती, ती 2018 ला परत मिळाली. लोक अजून जुन्या गोष्टी सांगून घाबरवतात, त्याकडे लक्ष देऊ नका. तिसरी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. तिथं मराठीतून बी.कॉम. होतं, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला अभ्यासकेंद्रं त्याच्या स्वतःच्या राज्यातच, म्हणजे इथं महाराष्ट्रातच, काढता येतात, तेव्हा चंदगड-गडहिंग्लजकडं जाण्याची तयारी लागेल.

कुठंही गेलात तरी आधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर डेब आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. फुकट आहे. त्याच पोर्टलवर त्या वर्षी कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या कोर्सला परवानगी आहे ते दिसतं. "एका वर्षात पदवी" असा बोर्ड लावलेल्या दुकानात मात्र पाय ठेवू नका.

टिळकवाडीकर:

काका, पण दूरशिक्षणाच्या डिग्रीला किंमत असते का हो? आमच्याकडं इंटरव्ह्यूत नाक मुरडतात.

निवृत्त हेडक्लार्क:

मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीला समकक्ष, असं यूजीसीनंच सांगितलंय. नाक मुरडणाऱ्यांचं औषध माझ्याकडे नाही.

वडगावची मावशी:

मी जरा उलटं बोलते. मी तिशी उलटल्यावर रेग्युलर बी.ए. केलं, पोरांच्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसून. पहिल्यांदा सगळ्या मला मॅडमच समजायच्या. घरी राहून केलं असतं तर पहिल्या परीक्षेनंतर सोडलं असतं, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत होतं. वेळेवर जायचं, कुणीतरी वाट बघतंय, एवढ्यानं सुद्धा माणूस टिकतो. तुमचं तसं असेल तर घरून शिकण्याचा स्वस्तपणा महाग पडेल.

पण दिशा तिथं सापडते हे खरं नव्हे हं. मला मैत्रिणी मिळाल्या, बोलण्याची भीड गेली. पुढं काय, हा प्रश्न डिग्रीच्या दिवशी जसाच्या तसा होता. घरात दुसरा पगार होता म्हणून निभावलं.

बी.एड.चा विचार असेल तर हिशेब करा: तीन वर्षं पदवी, दोन बी.एड., वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. आणि इकडं मराठी शाळांतल्या जागा निघतील तेव्हा निघतील. शिकवायची खरी ओढ असेल तरच जा.

कॉस्टिंगवाला (कोल्हापूर):

कुठली डिग्री हे थोडं बाजूला ठेवा. मला एक सांगा: तुमच्या ऑफिसात, जे तुमचं काम नाही ते विचारायला लोक तुमच्याकडं येतात का? आणि काय विचारतात?

शहापूरची:

हेडक्लार्क काका, मावशी, मनापासून आभार. मार्कशीट आईकडं ट्रंकेत आहे, रविवारी आणते.

कॉस्टिंगवाला, तुमच्या प्रश्नावर थांबून विचार केला. येतात. फोरमन येतो. म्हणजे असं, की आमच्याकडं कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या मालाचा, दर किलोवर असतो. दोन माल सारख्याच वजनाचे, पण एकाला आतून कोअर (पोकळी ठेवायला साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) लागतो, त्याचं फेटलिंगही (ओतल्यावरची साफसफाई) किचकट, शिवाय ब्लो होल (हवेची भोकं) येऊन रिजेक्शन जास्त. दर मात्र दोन्हीला एकच. रनर-रायझरचं, म्हणजे ओतायच्या वाटांत उरलेलं, लोखंड परत भट्टीत जातं हे खरं, पण ते वितळवायला जी वीज जाळली ती कुठं परत येते? मी डिस्पॅच आणि रिजेक्शनची रजिस्टरं समोर ठेवून एक्सेलमध्ये मांडलं होतं. एक पार्ट चक्क तोट्यात निघाला. फोरमनला आधीच वाटत होतं, पण दाखवता येत नव्हतं. तेव्हापासून नवीन कोटेशन जायच्या आधी तो कागद घेऊन येतो, "ताई, जरा बघा" म्हणून. मालकांनी त्या पार्टचा दर वाढवून मागितला आणि मिळालाही.

हे काम करताना घरी जायची वेळ झाली तरी उठवत नाही. पण हे काही करिअर असतं असं वाटलं नव्हतं, हे आपलं मधल्या वेळचं.

कॉस्टिंगवाला (कोल्हापूर):

ताई, याच मधल्या वेळच्या कामाचा मी पगार घेतो.

याला कॉस्ट अकाउंटन्सी म्हणतात. देशात त्यासाठी कायद्यानं झालेली संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया, कोर्सचं नाव सीएमए. बारावी किंवा पीयूसीवर फाउंडेशन, म्हणजे पहिल्या टप्प्याची परीक्षा, देता येतं, चार पेपर: कायदा, अकाउंट्स, गणित-संख्याशास्त्र, अर्थशास्त्र. परीक्षा जून आणि डिसेंबरात. पदवी असेल तर फाउंडेशन लागत नाही, थेट इंटरमीजिएट, आठ पेपर. मग फायनल आणि प्रॅक्टिकल ट्रेनिंग. सोपं नाही. चांगले चांगले इंटरला अडकतात, मीही अडकलो होतो.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर नोकरी धरून दूरशिक्षणाचं बी.कॉम. लावलं असतं. बँकेच्या लोकांपुढं ठेवायला ते लागणारच आहे. त्याच्या पहिल्या वर्षात फाउंडेशनची पुस्तकं आणून वाचली असती, परीक्षेची घाई न करता. गोडी टिकली तर पुढं जा. नाही टिकली तरी बी.कॉम. हातचं जात नाही आणि पगारही चालू राहतो. स्वयम् या सरकारी साइटवर कॉस्ट अकाउंटिंगचे कोर्स येत असतात, शिकायला फुकट. फी भरण्याआधी एखादा पुरा बघून घ्या, मन लागतं का ते तिथंच कळेल.

आणखी एक. ते एक्सेल मालकांना तुमच्या नावानं दाखवा. दर महिन्याला पार्टवार नफा-तोट्याचा एक कागद त्यांच्या टेबलावर ठेवायचा. आणि त्या वरच्या मुलाच्या हातून पाठवू नका.

वडगावची मावशी:

हे शेवटचं अगदी बरोबर बोललात.

निपाणीकर:

धागा थोडा पळवतो, माफी असावी. माझ्या बहिणीचं असंच अर्धवट राहिलंय, तिला रेग्युलरच करायचंय. आमच्याकडं देवचंद कॉलेज आहे अर्जुननगरला. गावाला लागूनच, पण हद्द महाराष्ट्राची, विद्यापीठ शिवाजी. पुढं महाराष्ट्रात सरकारी नोकरीचे फॉर्म भरायला त्याचा उपयोग होतो का?

निवृत्त हेडक्लार्क:

पदवी कुठल्याही मान्य विद्यापीठाची चालते. तिकडं अडतं ते अधिवासावर. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना 15 वर्षांच्या वास्तव्याच्या अटीत सवलत आहे, त्यासाठी विहित नमुन्यातला दाखला लागतो. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघा. कॉलेज मात्र जाण्यायेण्याच्या सोयीचं निवडा.

शहापूरची:

कॉस्टिंगवाला, आज जेवणाच्या सुट्टीत स्वयम् उघडून बघितलं. आमच्या ह्यांनाही धागा वाचून दाखवला. पगार चालू राहणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, आता रोज संध्याकाळी मुलाचा अभ्यास ते घेणार म्हणाले. बघू किती दिवस घेतात!

एकच राहिलं: पीयूसीला माझं गणित नव्हतं, स्टॅटिस्टिक्स होतं. फाउंडेशनच्या गणिताला कुठून सुरुवात करू? आणि गणपत गल्लीच्या सार्वजनिक वाचनालयात अशी पुस्तकं मिळतात का, कुणी बघितलंय?